कॅलिफोर्नियातले डिपेंडन्सी अपील: मुदत कशी मोजावी आणि मुदतवाढ कशी मागावी

आपल्याकडे अपिलाला उशीर झाला की वकील लगेच सांगतात, सोबत विलंब माफीचा अर्ज जोडू. १९६३ च्या मुदत अधिनियमाच्या कलम ५ ने ती वाट ठेवली आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम १०१ खालच्या अपिलाला ३० दिवसांची मुदत असली, तरी पुरेसे कारण दाखवल्यास उशिराचे अपीलही घेतले जाऊ शकते. कॅलिफोर्नियात राहणारे मराठी आईवडील हाच हिशेब मनात धरतात आणि तिथेच फसतात. तिथे अपिलाची नोटीस, म्हणजे अपील करत असल्याची लेखी सूचना, एक दिवस उशिरा पोचली, तर ती माफ करण्याचा सर्वसाधारण अधिकार अपील न्यायालयालाही नाही. मुदतवाढ मिळते ती नंतर, लेखी युक्तिवादासाठी. ती कशी मिळवायची, आणि त्याआधी नोटिशीची तारीख कशी चुकवायची नाही, ते इथे क्रमाने दिले आहे.

काउंटीच्या बालसंरक्षण विभागाने मूल घरातून काढून नेले किंवा घरातच देखरेखीखाली ठेवले, आणि वेल्फेअर अँड इन्स्टिट्यूशन्स कोडच्या कलम ३०० खाली जुवेनाइल कोर्टात प्रकरण उभे राहिले, की त्याला डिपेंडन्सी केस म्हणतात. ही फौजदारी केस नसते आणि घटस्फोटातला ताब्याचा वादही नसतो. खालचे सगळे आकडे फक्त कॅलिफोर्नियाचे आहेत. टेक्सास किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्यांनी ते वापरू नयेत, प्रत्येक राज्याचे नियम निराळे आहेत. आणि वकील लागतोच. फक्त त्याला नेमके काय आणि कोणत्या दिवशी विचारायचे, हे आधी माहीत असलेले बरे.

पायरी १: आदेशाचा कागद हातात घ्या आणि तीन गोष्टी शोधा

सुनावणी संपल्यावर क्लार्क जो लेखी आदेश तयार करतो त्याला मिनिट ऑर्डर म्हणतात. त्याची प्रत त्याच दिवशी मागा. त्यात पाहायचे ते असे: आदेशाची तारीख कोणती, आदेश कोणी दिला, आणि आदेश कशाचा आहे.

आदेश कशाचा, हे का महत्त्वाचे? कारण प्रत्येक आदेशावर अपील होत नाही. मूल काढून नेल्यावर लगेच होते ती डिटेन्शन सुनावणी. त्या आदेशावर अपील चालत नाही. नंतरच्या ज्युरिस्डिक्शन सुनावणीत कोर्ट आरोप खरे की खोटे ते ठरवते. त्यावरही सुटे अपील नाही. अपिलाचा पहिला आदेश म्हणजे डिस्पोझिशनचा, म्हणजे मूल कुठे राहणार आणि आईवडिलांना कोणत्या सेवा मिळणार हे ठरवणारा. ज्युरिस्डिक्शनमधल्या चुका त्याच अपिलात मांडायच्या. घाईने आधीच नोटीस दिली तर ती मुदतपूर्व ठरते. अपील न्यायालय ती आदेशानंतर लगेच दाखल झाली असे मानू शकते, पण ते त्याच्या मर्जीवर आहे. डिस्पोझिशननंतर पुन्हा नवी नोटीस देणे हा साधा उपाय.

डिस्पोझिशननंतरच्या आढावा सुनावण्यांमधल्या आदेशांवर स्वतंत्र अपील होते, आणि इथे एक सापळा आहे. सहा महिन्यांच्या आढाव्यात कोर्टाने ‘विभागाने योग्य सेवा दिल्या’ असे म्हटले आणि तुम्ही अपील केले नाही, तर तो मुद्दा तिथेच संपतो. बारा महिन्यांच्या आढाव्यावर अपील करताना मागची तक्रार उकरून काढता येत नाही. ‘आता गप्प बसू, शेवटी एकदाच सगळे मांडू’ हा सल्ला ओळखीपाळखीतून हमखास मिळतो. डिपेंडन्सीत तो घातक आहे.

आदेश कोणी दिला, हेही पाहायचे. न्यायाधीशाच्या जागी रेफरी (कोर्टाने नेमलेला दुय्यम अधिकारी) बसला असेल, आणि पक्षकारांच्या संमतीने तो तात्पुरता न्यायाधीश म्हणून काम करत नसेल, तर त्याचा आदेश अंतिम व्हायला वेळ लागतो: लेखी आदेशाची प्रत बजावल्यापासून १० दिवस. या १० दिवसांत न्यायाधीशाकडे फेरसुनावणी मागता येते. मागितली नाही, तर आदेश अंतिम होतो आणि अपिलाचे दिवस तिथून सुरू होतात. मिनिट ऑर्डरवर नुसते नाव असेल तर हुद्दा काय आणि संमती दिली होती का, हे वकिलाला विचारा. मात्र या जादा दिवसांवर भिस्त ठेवू नका. ते उशीर झाल्यावर शोधायचे असतात, आधीपासून धरून चालायचे नसतात.

पायरी २: आदेशात ‘३६६.२६’ हा आकडा आहे का ते पाहा

या लेखातले एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल तर हे: कोर्टाने कलम ३६६.२६ खाली सुनावणी ठेवली असेल, तर तुमच्याकडे साठ दिवस नाहीत, सात आहेत.

३६६.२६ ची सुनावणी मुलाच्या कायमच्या व्यवस्थेसाठी असते: दत्तक, दुसऱ्या कोणाचे कायदेशीर पालकत्व (गार्डियनशिप) किंवा दीर्घकालीन संगोपन. आईवडिलांचे हक्क कायमचे संपतात ते बहुतेक याच सुनावणीत. ही सुनावणी ठेवणारा आदेश साधारणपणे कुटुंब पुन्हा एकत्र आणण्याच्या सेवा थांबवताना येतो: सहा, बारा किंवा अठरा महिन्यांच्या आढाव्यात. काही प्रकरणांत कोर्ट सेवा मुळातच नाकारते, आणि मग तो डिस्पोझिशनच्या दिवशीच येतो. त्या आदेशाला आव्हान द्यायचे तर नेहमीचे अपील चालत नाही. अपील न्यायालयात रिट अर्ज करावा लागतो. त्याच सुनावणीत दिलेले इतर आदेशही याच वाटेने जातात. आणि रिट वेळेत, नेमक्या मुद्द्यांवर आणि पुरेशा रेकॉर्डसह केला नसेल, तर पुढे हक्क संपल्यावरच्या अपिलात हे मुद्दे काढता येत नाहीत. कायद्याने ही दारे मुद्दाम अरुंद ठेवली आहेत, कारण ३६६.२६ ची सुनावणी १२० दिवसांच्या आत व्हायची असते आणि आव्हान त्याआधी निकालात निघावे अशी अपेक्षा आहे. सात दिवस फार कमी आहेत, हे म्हणणे रास्त आहे. पण नियम तोच आहे.

रिटची पहिली पायरी म्हणजे ‘नोटीस ऑफ इन्टेन्ट’, फॉर्म जेव्ही-८२०. तो सुपीरियर कोर्टाच्या, म्हणजे काउंटीच्या ज्या मूळ कोर्टाचा जुवेनाइल कोर्ट हा भाग असतो त्याच्या, क्लार्ककडे द्यायचा. त्याची मुदत अशी:

- सुनावणीला तुम्ही हजर होता: आदेशाच्या तारखेपासून ७ दिवस.
- हजर नव्हता आणि आदेश फक्त टपालाने कळवला: क्लार्कने टपालात टाकल्यापासून १२ दिवस.
- टपाल कॅलिफोर्नियाबाहेर, पण अमेरिकेतल्या पत्त्यावर: १७ दिवस.
- टपाल अमेरिकेबाहेरच्या पत्त्यावर, म्हणजे पुणे किंवा पणजीलाही: २७ दिवस.
- आदेश तात्पुरता न्यायाधीश नसलेल्या रेफरीचा असेल: वरच्या मुदतीत आणखी १० दिवस.

टपालाचे दिवस पत्र तुमच्या हाती पडल्यापासून मोजत नाहीत, पाठवल्यापासून मोजतात. एक पालक भारतात परत आलेला असेल तर नेमके हेच विसरले जाते. पत्र यायला अठरा दिवस लागले, तर उरतात नऊ. आदेश टपालाऐवजी दुसऱ्या मार्गाने कळला असेल, तर सात दिवस धरून चला आणि वकिलाला विचारा. पत्ता बदलला की कोर्टाला लगेच लेखी कळवा. क्लार्क शेवटच्या माहीत असलेल्या पत्त्यावरच पत्र टाकतो, आणि तेवढ्याने त्याचे काम पुरे होते.

या फॉर्मवर सही पक्षकाराची लागते, वकिलाची चालत नाही. सही का मिळाली नाही हे वकिलाने प्रतिज्ञापत्रात सांगितले तर अपील न्यायालय सबळ कारणासाठी सूट देऊ शकते, पण तो खेळ कशाला खेळायचा? आईवडिलांपैकी कोणी प्रवासात असेल तर सुनावणीच्या आधीच वकिलाशी बोलून ठेवा: ३६६.२६ ठेवली गेलीच तर सही कशी आणि किती वाजता पोचवायची.

नोटीस गेली की सुपीरियर कोर्ट रेकॉर्ड तयार करते. ते अपील न्यायालयात दाखल झाल्यापासून १० दिवसांत मूळ रिट अर्ज द्यायचा. त्याचा फॉर्म जेव्ही-८२५. नियमानुसार हे दोन्ही कागद देण्याची जबाबदारी खालच्या कोर्टातल्या वकिलाची आहे. अपिलासाठी नवा वकील नेमला जाईल आणि तोच सगळे बघेल, अशी वाट बघत बसलेली कुटुंबे इथे दहा दिवस घालवतात. नव्या वकिलाची नेमणूक अपिलात होते. रिटमध्ये तुमचा ट्रायल वकीलच पुढे असतो. त्याने नकार दिला तर तो नकार त्याच दिवशी लेखी मागा आणि फॉर्म स्वतः भरा. वकील नसेल तर ही जबाबदारी थेट पक्षकारावर येते.

अर्जात ‘अन्याय झाला’ एवढे लिहून भागत नाही. कोणत्या तारखेला काय झाले, ते रेकॉर्डच्या कोणत्या पानावर आहे, आणि कायद्याच्या दृष्टीने त्यात चूक काय, हे तिन्ही हवे. पानांचे हवाले नसलेला अर्ज गुणदोषांवर न तपासताच फेटाळला जाऊ शकतो.

रिटच्या मुदती सुपीरियर कोर्ट वाढवू शकत नाही. अपील न्यायालय वाढवू शकते, पण ‘अपवादात्मक’ सबळ कारण लागते. नेहमीचे पुरत नाही.

पायरी ३: साठ दिवस मोजा, महिने मोजू नका

३६६.२६ ठेवणारा आदेश नसेल, किंवा ३६६.२६ ची सुनावणी होऊन आईवडिलांचे हक्क संपवणारा आदेश आला असेल, तर नेहमीचे अपील. नोटीस आदेशाच्या तारखेपासून ६० दिवसांत दाखल व्हायला हवी.

मोजताना आदेशाचा दिवस सोडायचा, दुसरा दिवस पहिला धरायचा. शेवटचा दिवस शनिवार, रविवार किंवा कोर्टाच्या सुट्टीचा असेल तर पुढचा कामाचा दिवस. मधल्या सुट्ट्या वगळायच्या नाहीत. आता हे पाहा. आदेश सोमवार, १ जून २०२६ चा आहे. ‘दोन महिने’ धरणारा म्हणतो १ ऑगस्ट. तो शनिवार, म्हणून सोमवार, ३ ऑगस्टपर्यंत वेळ आहे. प्रत्यक्षात साठावा दिवस आहे शुक्रवार, ३१ जुलै. सोमवारी गेलेली नोटीस बाद. कोर्टाच्या सुट्ट्या अंदाजाने धरू नका. १२ फेब्रुवारी, लिंकन यांचा जन्मदिवस, आणि सप्टेंबरचा चौथा शुक्रवार, नेटिव्ह अमेरिकन डे, या कॅलिफोर्नियाच्या कोर्टांच्या सुट्ट्या आहेत. ऑफिसच्या कॅलेंडरात त्या नसतात. उलट ऑफिसची प्रत्येक सुट्टी कोर्टाला नसते.

भारतातून हालचाल करणाऱ्यांनी वेळेचा फरकही धरावा: उन्हाळ्यात साडेबारा तास, हिवाळ्यात साडेतेरा. मुदत कॅलिफोर्नियाच्या घड्याळावर संपते, आणि कागद तिथल्या क्लार्ककडे पोचला ती तारीख धरतात, इथून कुरिअरला दिला ती नाही. तुरुंगातून किंवा कोठडीतून पाठवणाऱ्याला एक सवलत आहे: मुदतीच्या आत पाकीट तिथल्या अधिकाऱ्याकडे टपालासाठी दिले आणि ते पाकिटावरून दिसते, तर नोटीस वेळेतली मानतात.

पायरी ४: नोटीस बरोबर खिडकीवर द्या

फॉर्म जेव्ही-८००, इंग्रजीत भरलेला. सही अपील करणाऱ्याची किंवा त्याच्या वकिलाची. तो सुपीरियर कोर्टाच्या क्लार्ककडे जातो, कोर्ट ऑफ अपीलकडे, म्हणजे अपील न्यायालयाकडे, नाही. सगळ्यात जास्त चुका याच वाक्यात होतात. सांता क्लारा काउंटीचे अपील पुढे सॅन होजे इथल्या सहाव्या डिस्ट्रिक्टकडे (कोर्ट ऑफ अपीलच्या विभागाकडे) जाणार, अलमेडा किंवा सॅन मटेओचे सॅन फ्रान्सिस्कोतल्या पहिल्या डिस्ट्रिक्टकडे. पण नोटीस मात्र आपल्याच काउंटीच्या सुपीरियर कोर्टात. सोशल वर्करला ईमेल केली, न्यायाधीशांना पत्र लिहिले, वकिलाच्या फोनवर निरोप ठेवला, यातले काहीही नोटीस ठरत नाही.

फॉर्ममध्ये कारणे लिहायची नसतात. कोणत्या तारखेचा कोणता आदेश, एवढे स्पष्ट असले की पुरते; कोर्टे नोटिशीचा अर्थ उदारपणे लावतात. उदारपणा मजकुरापुरता आहे, तारखेला तो लागू नाही. एकाहून जास्त मुलांच्या केसेस असतील तर सगळ्यांचे केस नंबर लिहा.

प्रतीवर शिक्का घ्या आणि तो वाचा. ‘फाइल्ड’ असेल तर काम झाले. ‘रिसीव्ह्ड बट नॉट फाइल्ड’ असेल तर क्लार्कने ती उशिराची ठरवली आहे. मग त्याच दिवशी वकिलाला गाठा.

वकिलावर सोपवत असाल तर तोंडी सांगू नका. ‘अमुक तारखेच्या आदेशावर मला अपील करायचे आहे, नोटीस दाखल करा’ असा एक ओळीचा ईमेल करा आणि जपून ठेवा. त्याचा उपयोग पुढच्या पायरीत आहे. समोरच्या बाजूने आधी अपील केले असेल, तर क्लार्कने त्याची सूचना पाठवल्यापासून २० दिवसांत तुम्हालाही उलट अपील करता येते, तुमचे साठ दिवस संपले असले तरी.

आजी-आजोबा, मावशी, काका यांचा जीव कितीही तुटला, तरी नातेवाईक आपोआप पक्षकार होत नाहीत. अपील बहुधा आईने किंवा वडिलांनीच करायचे असते; नातेवाइकाला स्वतःचा कायदेशीर हक्क दुखावला गेल्याचे दाखवावे लागते. मूल नातेवाइकाकडे ठेवायला नकार मिळाला असेल, तर हा प्रश्न वकिलाला स्वतंत्रपणे विचारा, आणि त्याच साठ दिवसांत.

अपील केले म्हणून आदेश थांबत नाही. मूल परत घरी येत नाही, पुढच्या सुनावण्या चालू राहतात, त्यांना हजर राहावेच लागते. स्थगिती वेगळी मागावी लागते आणि सहज मिळत नाही.

पायरी ५: तारीख गेलीच असेल तर

सगळे संपले असे धरण्याआधी हिशेब पुन्हा करा. आदेश रेफरीचा होता का? मिनिट ऑर्डरवरची तारीख आणि प्रत्यक्ष आदेश दिल्याची तारीख एकच आहे का? ३६६.२६ ठेवताना कोर्टाने रिटची वाट तोंडी सांगितली होती का, आणि गैरहजर असाल तर क्लार्कने टपालाने कळवली होती का? ही माहिती देणे कोर्टाचे कर्तव्य आहे. ती दिलीच नसेल, तर रिट न केल्याबद्दल पुढच्या अपिलात माफी मिळाल्याची उदाहरणे आहेत.

दुसरी वाट २०२१ मध्ये स्पष्ट झाली. ‘इन रे ए. आर.’ या प्रकरणात आईचे हक्क संपवले गेले होते, आणि कोर्टाने नेमलेल्या वकिलाने अपिलाची नोटीस चार दिवस उशिरा दिली होती. कॅलिफोर्निया सुप्रीम कोर्टाने ठरवले की वकिलाच्या अकार्यक्षमतेमुळे मुदत चुकली असेल, तर हक्क संपलेल्या पालकाला त्या कारणावर दाद मागता येते. हेबियस कॉर्पसचा अर्ज हा तिचा मार्ग. पण पालकाने अपील करायचे वेळेत ठरवले होते आणि चूक कळल्यावर तातडीने पावले उचलली, हे दाखवावे लागते. तो एक ओळीचा ईमेल इथे पुरावा होतो. पालकाने स्वतःच साठ दिवस जाऊ दिले, तर या निकालाचा आधार मिळत नाही.

भूकंप, आग, पूर किंवा सार्वजनिक आरोग्याची आणीबाणी असेल तर राज्याच्या पातळीवर मुदती वाढवण्याचा वेगळा नियम आहे. त्याचा आदेश निघाला असेल तरच तो लागू होतो. परिसरात आग लागली होती एवढे पुरत नाही.

हक्क अजून संपलेले नसतील तर कलम ३८८ खाली जुवेनाइल कोर्टातच अर्ज करता येतो, फॉर्म जेव्ही-१८०: परिस्थिती बदलली आहे आणि आदेश बदलणे मुलाच्या हिताचे आहे. हे अपील नाही, जुनी चूक यात दुरुस्त होत नाही. पण व्यसनमुक्तीचा कार्यक्रम पूर्ण झाला, घर मिळाले अशा नव्या गोष्टी यातच मांडायच्या असतात, कारण अपील न्यायालय नवा पुरावा साधारणपणे बघत नाही. हक्क संपवणारा आदेश झाल्यावर मात्र जुवेनाइल कोर्टाला तो सहसा बदलता येत नाही, आणि ही वाटही बंद होते.

पायरी ६: ब्रीफची तारीख ठरवा

नोटीस दाखल झाल्यावर क्लार्क आणि कोर्ट रिपोर्टर (सुनावणीची शब्दशः नोंद घेणारा कर्मचारी) यांनी २० दिवसांत रेकॉर्ड तयार करायचे असते. खर्च न परवडणाऱ्या पालकाला अपिलासाठी वकील नेमला जातो. ही नेमणूक प्रत्येक डिस्ट्रिक्टच्या अपील प्रकल्पामार्फत होते. विनंती नोटिशीबरोबरच करा. चांगल्या पगाराच्या नोकरीत असणाऱ्यांना ही सोय मिळणार नाही, हे गृहीत धरून खासगी वकील लवकर बघावा.

इथून पुढचे दिवस रेकॉर्ड कोर्ट ऑफ अपीलमध्ये दाखल झाल्याच्या तारखेपासून मोजायचे. वकिलाच्या टेबलावर पोचल्यापासून नाही. अपील करणाऱ्याचा पहिला लेखी युक्तिवाद, म्हणजे ओपनिंग ब्रीफ, साध्या डिपेंडन्सी अपिलात ४० दिवसांत द्यायचे. आईवडिलांचे हक्क संपवणाऱ्या आदेशावरचे अपील असेल तर ३० दिवसांत. ऑरेंज, इम्पीरियल आणि सॅन डिएगो या काउंट्यांतून आलेल्या सगळ्याच डिपेंडन्सी अपिलांना हा ३० दिवसांचा जलद नियम लागतो. समोरचे उत्तर दाखल झाले की प्रत्युत्तराला २० दिवस.

पहिल्या आठवड्यातच रेकॉर्ड तपासा: सगळ्या सुनावण्यांचे ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे शब्दशः नोंद, आहे का, सोशल वर्करचे अहवाल जोडलेत का, मिनिट ऑर्डर सगळ्या आहेत का. काही गळाले असेल तर ते जोडण्याचा अर्ज लगेच करायचा. पस्तिसाव्या दिवशी ट्रान्सक्रिप्ट नाही म्हणून मुदत मागणाऱ्याला न्यायमूर्ती एवढेच विचारतील, की पस्तीस दिवस काय केले?

पायरी ७: मुदतवाढीचा अर्ज

फॉर्म जेव्ही-८१७, खास डिपेंडन्सीसाठीचा. तो कोर्ट ऑफ अपीलकडे जातो. ब्रीफची मुदत सुपीरियर कोर्ट वाढवू शकत नाही. अर्ज मुदत संपण्याआधी द्या, आणि शेवटच्या दुपारी नको. चार-पाच दिवस आधी दिला तर नकार आला तरी ब्रीफ पुरे करायला वेळ उरतो. अर्ज दिल्याने घड्याळ थांबत नाही. मंजुरी येईपर्यंत जुनी तारीखच खरी.

अर्जात ब्रीफची सध्याची तारीख, किती दिवस हवेत, याआधी मुदतवाढ मिळाली असेल तर किती, आणि सबळ कारण हे सगळे लागते. कारण प्रतिज्ञापत्रात, खोटे असेल तर शिक्षेस पात्र या अटीवर सांगायचे. आणि त्यात वस्तुस्थिती हवी, निष्कर्ष नकोत. ‘वकिलांवर कामाचा मोठा ताण असल्याने ३० दिवस मिळावेत’ हा निष्कर्ष आहे. त्याऐवजी समजा असे लिहिले:

‘रेकॉर्ड ४ मे रोजी दाखल झाले, ब्रीफची तारीख १५ जून. ट्रान्सक्रिप्ट १,४०० पानांचे असून त्यातली १,१०० वाचून झाली. १२ मार्चच्या सुनावणीचे ट्रान्सक्रिप्ट रेकॉर्डात नव्हते. ते जोडण्याचा अर्ज ११ मे रोजी केला, ट्रान्सक्रिप्ट ५ जून रोजी मिळाले. अपिलाचा मुख्य मुद्दा त्याच सुनावणीतला आहे. ब्रीफ ३० जूनपर्यंत देता येईल. आधी मुदतवाढ घेतलेली नाही.’

(चाळिसावा दिवस १३ जून, शनिवार, म्हणून १५.) यात न्यायमूर्तींना हवे ते सगळे आहे: काय झाले, दोष कोणाचा, किती काम उरले, आणि मागितलेल्या पंधरा दिवसांचा उरलेल्या कामाशी मेळ. रेकॉर्डची लांबी, मुद्द्यांची संख्या आणि गुंतागुंत, वकील नवा आहे का, आजारपण, आणि उशिराने समोरच्याचे काय नुकसान होईल, हे घटक नियमातच दिले आहेत. त्यांच्याच भाषेत बोलावे. डिपेंडन्सीत ‘समोरचा’ म्हणजे काउंटीच नव्हे, मूलही. मूल दत्तक घेणाऱ्या घरी स्थिरावत असेल तर प्रत्येक जादा आठवडा मोजून दिला जातो.

हक्क संपवण्यावरच्या अपिलात आणि वर सांगितलेल्या तीन काउंट्यांत साधे सबळ कारण पुरत नाही. अपवादात्मक कारण दाखवावे लागते. वकिलाचे अचानक इस्पितळात दाखल होणे, मधेच वकील बदलणे, कोर्टाकडूनच ट्रान्सक्रिप्ट उशिरा मिळणे अशी कारणे त्या वजनाची. इतर केसेसचा ताण, सुट्टीवर जाणे ही नव्हेत. अशा अपिलात महिना मागू नका. सात किंवा दहा दिवस मागा आणि तेवढ्यात द्या. दुसऱ्यांदा मागताना पहिल्या वेळी दिलेली तारीख का पाळली नाही, हे आधी सांगावे लागते.

मुदतवाढीशिवाय तारीख गेली तर क्लार्क सूचना पाठवतो: साध्या अपिलात ३० दिवसांत, जलद अपिलात १५ दिवसांत ब्रीफ द्या, नाहीतर अपील फेटाळले जाऊ शकते. काही वकील हीच फुकटची मुदतवाढ समजून चालतात. तुमचा वकील त्यांपैकी आहे का ते विचारा. सूचनेनंतरही ब्रीफ गेले नाही तर फेटाळले जाईल ते तुमचे अपील.

पायरी ८: निकालानंतरच्या तारखा

कोर्ट ऑफ अपीलचा निकाल दाखल झाल्यापासून १५ दिवसांत फेरविचाराचा अर्ज, ३० दिवसांनी निकाल अंतिम, आणि तो अंतिम झाल्यावर १० दिवसांत कॅलिफोर्निया सुप्रीम कोर्टाकडे पिटिशन फॉर रिव्ह्यू. निकाल १ जून २०२६ चा असेल तर फेरविचार १६ जूनपर्यंत, निकाल अंतिम १ जुलैला, आणि रिव्ह्यूचा दहावा दिवस ११ जुलै, शनिवार, म्हणजे सोमवार, १३ जुलै. ३० दिवस संपण्याआधी रिव्ह्यू मागता येत नाही, त्यामुळे मसुदा त्या महिन्यातच तयार ठेवावा लागतो. फेरविचार आणि रिव्ह्यू या दोन्ही मुदती वाढत नाहीत; चुकल्याबद्दल दिलासा अनुक्रमे प्रिसायडिंग जस्टिस आणि चीफ जस्टिस यांच्याकडेच मागता येतो, तोही कोर्टाचा स्वतःचा अधिकार शिल्लक असेपर्यंत. रिट अर्ज फेटाळला गेला असेल तर मात्र हे कोष्टक गृहीत धरू नका. काही रिट आदेश लगेच अंतिम होतात, म्हणून तो आदेश आला त्याच दिवशी वकिलाकडून तारखा लेखी घ्या.